एका महिन्यात दोन पुनवा

डोंबिवली पूर्वेला शीलाताईंच्या तळमजल्यावरच्या घरापुढे एक लांब लाकडी बाकडं आहे. वागळे इस्टेटमधला नटबोल्टचा कारखाना बंद पडला तेव्हा कुणी पंखे नेले, कुणी कपाटं नेली. तीस वर्षं तिथे टाइमकीपर असलेल्या शीलाताईंनी टाइम ऑफिसबाहेरचं हे बाकडं मागून घेतलं. ते टेम्पोतून घरी आलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, "याच्यावर बसणार कोण?" बाई म्हणाल्या, "बसतील, बसतील." आता रविवारी सकाळी त्या बाकड्यावर जागा मिळणं मुश्कील झालंय.

ताईंचं काम भांडणं सोडवण्याचं. वकिली नव्हे, पुढारीपण तर मुळीच नव्हे. शीळफाट्यापासून कल्याणपर्यंतच्या रस्त्याला लागून जी गावं आहेत, तिथल्या गाववाल्यांनी आपल्या जमिनीवर चाळी बांधल्या, आणि त्यातल्या बऱ्याच खोल्या 'फेडीच्या' म्हणून दिल्या. फेडीची खोली म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता द्यायचा. त्यातलं अर्धं भाडं, अर्धं खोलीच्या किमतीत वळतं करायचं, आणि ठरलेले हप्ते पुरे झाले की खोली राहणाऱ्याच्या नावावर. ऐकायला किती सोपं आहे. पण कागद लिहिणारा मेव्हणा, हप्ता देणारी बायको, घेणारी सून आणि हिशेब ठेवणारा चुलता असला की आठ-दहा वर्षांत त्या सोप्याचा जो काही चिवडा होतो, तो निवडायला माणसं शीलाताईंकडे येतात.

ताईंचे तीन कायदे आहेत. पहिला असा की फी दोघांकडून सारखी आणि आधी. शंभर मालकाचे, शंभर भाडेकरूचे. मग कुणाला म्हणता येत नाही की बाईला विकत घेतलं. दुसरा असा की दोघांनी एकाच बाकड्यावर, एकमेकांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून बसायचं. "समोरासमोर बसलं की माणूस डोळे वटारतो," ताई म्हणतात. "शेजारी बसून वटारायचे तर मान दुखते."

आणि तिसरा कायदा म्हणजे एक प्रश्न. हिशेबाच्या वह्या उघडण्याआधी ताई दोघांनाही विचारतात, "पहिला हप्ता दिला-घेतला त्या दिवशी काय खाल्लंत?"

लोक आधी चक्रावतात. एकजण तर रागाने उठून चालला होता, म्हणाला, मी काय जेवायला आलोय? पण उत्तर प्रत्येकाला आठवतं. त्या दिवशी दोन्ही घरं खुशीत असतात. एकाला घर मिळालेलं असतं, दुसऱ्याला धड माणूस. कुणी पेढा खाल्लेला असतो, कुणी शिरा, कुणी मालकाच्या घरची कोलंबी. ते सांगता सांगता माणसाचा आवाज जरा खाली येतो, आणि ताईंना तेवढंच हवं असतं. एकदा तर एका मालकाला आठवलं की भाडेकरणीने केलेला शिरा इतका गोड होता की त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला होता. ते कबूल केल्यावर त्याला पुढे भांडताच येईना.

गेल्या डिसेंबरात, दत्तजयंती होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा काळुराम आणि साईनाथ त्या बाकड्यावर येऊन बसले.

काळुराम रस्त्याकडेच्या गावचा, पंचावन्नच्या आसपासचा, गळ्यात जाड साखळी आणि काखेत लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर. त्याच्या आईच्या, म्हणजे ठमाबाईंच्या नावावर अठरा खोल्यांची चाळ. साईनाथ मूळचा पारनेरकडचा, लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर, बारीक चणीचा आणि हट्टी. सोबत त्याची बायको संचिता. तिला बाकड्यावर जागा असूनही ती दारातच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"शहाण्णव हप्ते ठरलेले," साईनाथने सुरुवात केली. "शहाण्णव दिले. शेवटचा आत्ता दत्तजयंतीला. आणि शेठ म्हणतात चौऱ्याण्णवच झाले."

"मी नाय म्हणत, रजिस्टर म्हणतंय," काळुराम म्हणाला. "ताई, बघा तुम्ही. माझ्या अक्षराची शपथ. मी आजपर्यंत कुणाचा एक रुपया खाल्ला असेल तर."

"दोन हप्त्यांसाठी इतकं?" ताईंनी विचारलं. "रे साईनाथ, हट्ट बाजूला ठेवून दोन हप्ते देऊन मोकळा का होत नाहीस?"

तिथेच तर मेख होती. साईनाथने ते आधीच करून पाहिलं होतं. पण कागदावर ठमाबाईंच्या आग्रहाने एक ओळ लिहिलेली होती. 'हप्ता दर पुनवेला. एका पुनवेस एकच. आगाऊ घेणार नाही, थकीत ठेवणार नाही.' म्हणजे दोन हप्ते बाकी असतील तर आणखी दोन पुनवा थांबणं आलं, थेट फेब्रुवारीपर्यंत. आणि चाळ आता पाडून तिथे इमारत होणार होती. कोणती खोली कोणाची, ही यादी पंधरा डिसेंबरला बंद व्हायची होती. त्या दिवशी ज्याचे हप्ते पुरे, त्याचं नाव यादीत आणि नवीन घर त्याला. ज्याचे अपुरे, त्याला फेडीचे पैसे परत आणि घर ठमाबाईंच्या खात्यात.

"मी सोडून दिलं असतं हो," काळुराम म्हणाला, आणि तो खरं बोलतोय हे ताईंना दिसत होतं. "पण सतरा खोल्यांचे कागद असेच आहेत. याच्यासाठी एक ओळ मोडली तर भाऊबंद मला फाडून खातील. मना घर नको याचं. पण खोटं कसं लिहू?"

साईनाथ तिरमिरला. "म्हणजे मी खोटा?"

दोघांच्याही माना एकाच वेळी वळल्या आणि दोघांनाही कळ आली. ताईंनी शंभर-शंभरच्या नोटा चष्म्याच्या डबीखाली ठेवल्या आणि विचारलं, "पहिला हप्ता दिला-घेतला त्या दिवशी काय खाल्लंत?"

"हनुमान जयंती होती," काळुराम म्हणाला. "आठराचं साल. आईने सुंठवडा दिलेला."

"मला आईंनी वालाचं बिरडं खायला घातलं," साईनाथ म्हणाला. तो ठमाबाईंना आईच म्हणायचा. "आमच्याकडं वाल कोण खातो? मला वाटलं, पहिल्याच दिवशी काय कडू दिलं हे. पण दुसऱ्या पुनवेला मी मागून खाल्लं. आईंकडे पुनवेला गेलो की रिकाम्या तोंडी सोडायच्या नाहीत. पोपटी खाल्ली, तांदळाची बोरं खाल्ली, वाणाचे अनारसे खाल्ले."

"कसले अनारसे?"

"वाणाचे. धोंड्याच्या महिन्यात देतात ना, जावयाला." साईनाथ जरा ओशाळला. "संचिताला माहेर नाही. चुलत्याने वाढवली, तोही गेला. आईंनी एकदा तिला विचारलं, तुझ्या नवऱ्याला धोंड्याचं वाण कोण देतं? ही म्हणाली, कोणी नाही. तेव्हापासून आई देतात. तीनदा दिलं. तेहेतीस अनारसे, दिवा आणि तांब्याचं ताट."

काळुराम त्याच्याकडे बघतच राहिला. "माझ्या आईने? तुला? तीनदा?"

"तुमच्या मिसेसनीच तर अनारसे तळले, शेठ."

घरातून ताटं किती आली आणि किती गेली हे पुरुषाला कधी कळलंय? काळुरामला आठ वर्षांत आपल्या घरात तळलेल्या नव्व्याण्णव अनारशांचा पत्ता नव्हता. पण शीलाताईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. त्यांच्या डोक्यात कारखान्याचा जुना भोंगा वाजला होता.

गोष्ट अशी की कारखान्यात काही कामगार महिन्याच्या पगारावर असत आणि काही आठवड्याच्या. आठवड्याचा पगार शनिवारी. दर तीन महिन्यांनी असा एक महिना यायचा ज्यात शनिवार पाच, आणि मस्टरवर छापील चौकोन मात्र चार. नवीन कारकून हमखास पाचवा पगार चौथ्याच्याच चौकोनात कोंबायचा आणि पुढच्या सोमवारी टाइम ऑफिसपुढे आरडाओरडा. शीलाताईंनी तीस वर्षं तो पाचवा शनिवार सांभाळला होता. माणूस खोटं बोलत नाही आणि मस्टरही खोटं बोलत नाही, पण चौकोन कमी पडतात, हे त्यांना जितकं माहीत होतं तितकं डोंबिवलीत कुणाला नसेल.

आणि धोंड्याचं तर त्यांना स्वतःच्या घरातून माहीत. मुलीचं, शिवानीचं, लग्न झाल्यावर पहिल्या अधिकात त्यांनी जावयासाठी अनारसे घातले होते. तेहेतीसपैकी अकरा तुपात हसले. हसले म्हणजे विरघळून पसरले. जावई भला, म्हणाला, आई, हसलेलेच जास्त छान लागतात. ते वर्ष ताई कशा विसरतील?

"काळुराम, रजिस्टर बघू."

रजिस्टरात एका वर्षाला एक पान आणि पानावर बारा छापील चौकोन, जानेवारी ते डिसेंबर. प्रत्येक चौकोनात हिरव्या शाईची एक खूण.

"तू खूण कधी करतोस?"

"पुनव झाली की दुसऱ्या दिवशी आईला विचारतो, दिले का साईनाथने? ती म्हणते दिले. मी खूण करतो. पैसे आईचे, ती तिच्या डब्यात ठेवते. मी फक्त लिहितो."

"आणि एका महिन्यात दोन पुनवा आल्या तर?"

काळुराम हसला. "ताई, महिन्यात दोन पुनवा कशा येतील? अमावास्या-पुनव, अमावास्या-पुनव, झाला महिना."

"तो आपला महिना. हे चौकोन इंग्रजी महिन्याचे." ताईंनी चष्मा चढवला, मोबाइलवर जुनी पंचांगं काढली आणि बोट फिरवत गेल्या. "हे बघ. सन वीस, ऑक्टोबर. एक तारखेला पुनव, अधिकातली. आणि एकतीसला कोजागिरी धर. एका चौकोनात दोन. सन तेवीस, ऑगस्ट. एक तारखेला पुनव, पुन्हा अधिकातली. आणि तीसला नारळी पुनव. पुन्हा एका चौकोनात दोन."

काळुरामने वीस सालचं पान उघडलं. ऑक्टोबरच्या चौकोनात एकच हिरवी खूण होती. त्याने तिच्यावर बोट ठेवलं. त्याच्या ध्यानात येत होतं की एकतीसला आई 'दिले' म्हणाली असेल, आपण रजिस्टर उघडलं असेल, चौकोनात खूण आधीच दिसली असेल, आणि आपण म्हटलं असेल की आईने मागचंच पुन्हा सांगितलं. म्हातारं माणूस.

"चौऱ्याण्णव महिने, शहाण्णव पुनवा," ताई म्हणाल्या. "तूही बरोबर, तोही बरोबर."

पण काळुराम पक्का गाववाला होता. जमिनीचे कागद बघत मोठा झालेला माणूस इतक्यात मान डोलवत नाही. "पुनवा दोन झाल्या हे मानलं, ताई. पण दोन्हीला याने पैसे दिले कशावरून? पुरावा काय? उद्या भाऊबंद मलाच विचारतील."

साईनाथकडे पावत्या नव्हत्या. ठमाबाईंना लिहिता येत नव्हतं, आणि आईकडे पावती मागणं त्याला कधी सुचलंही नव्हतं. इतकी वर्षं भरून घर जातंय असं त्याला पहिल्यांदा खरंच वाटलं, आणि त्याचा चेहरा बघून ताईंना फार वाईट वाटलं.

तेव्हा दारातून संचिता म्हणाली, "ताटांवर तारीख आहे."

सगळे वळले.

"भांड्याच्या दुकानात नाव घालून दिलेलं आहे ना तिन्ही ताटांवर," ती म्हणाली. "एक माठावर झाकण म्हणून आहे. एक देवापुढे. तिसऱ्यात मी कणीक मळते. आणू?"

ती रिक्षाने गेली आणि तासाभरात पिशवीतून तीन ताटं घेऊन आली. ताईंनी कणकेचं ताट चिंचेने घासून घेतलं. आपल्याकडे भांडं देताना त्यावर नाव घालायची रीत आहे. दुकानदार टोकदार मशीनने टिंब टिंब करत अक्षरं उमटवतो. पहिल्या ताटाचा या भांडणात उपयोग नव्हता, ते अठरा सालचं. पण दुसऱ्यावर स्वच्छ होतं, 'चि. साईनाथ यांस ठमाबाईंकडून, अधिक आश्विन पौर्णिमा, १-१०-२०२०.' तिसऱ्यावर, 'अधिक श्रावण पौर्णिमा, १-८-२०२३.'

शीलाताईंनी आयुष्यात उशीच्या अभ्र्यात भरलेल्या पावत्या पाहिल्या होत्या, सिगारेटच्या पाकिटावरचे करार पाहिले होते. तांब्यावर कोरलेली पावती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आतमध्ये हाक मारून सगळ्यांना चहा टाकायला सांगितला.

काळुरामने ताट उलटंपालटं करून बघितलं. "हे एक तारखेच्या पुनवेला आला होता याचा पुरावा," तो हळूच म्हणाला. त्यालाच आता आपल्या वकिलीची लाज वाटत होती. "दोन्हीला पैसे दिले याचा नाय."

"त्याला एकच साक्षीदार आहे," ताई म्हणाल्या. "आणि तिला तुम्ही दोघांनी अजून विचारलेलंच नाही. चला."

ठमाबाई पडवीत खाटेवर बसून वाल सोलत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, नजर मात्र घारीची. चाळीची मालकीण असलेली ही बाई तरुणपणी मिठागरात टोपल्या वाहून मोठी झाली होती. एकाच वेळी काळुराम, साईनाथ, संचिता, तीन ताटं आणि एक अनोळखी बाई अंगणात आलेली बघून त्यांनी हातातला वाल खाली ठेवला.

"ये बाय, बस. च्याय घेशील?"

शीलाताई खाटेच्या कडेला बसल्या. आल्या आल्या त्यांनी ताटं पुढे ठेवली आणि विचारलं, "आजी, ही ताटं दिलीत त्या दिवशी आणि त्याच महिन्यातल्या दुसऱ्या पुनवेला, दोन्हीला साईनाथने हप्ता दिला होता का?"

"दिला व्हता क म्हंजे?" ठमाबाई म्हणाल्या. "पैशे आदी घेतले, मोजले, डब्यान टाकले. मंग ताट दिला. जावय असला तरी भारा तो भारा."

जावई असला तरी भाडं ते भाडंच! अंगणात हशा पिकला. काळुरामची बायको दाराआडून हसली. काळुरामने कपाळावर हात मारला. "आई, मग मना बोलली का नाय?"

"तू इचारलास? तू इचारतंस, दिले का. मी बोलतं, दिले. तुजे चौकोन मना क म्हाईत."

"मग एकूण किती पुनवा झाल्या, आजी?" ताईंनी विचारलं.

ठमाबाईंनी उत्तर द्यायला एक क्षणही घेतला नाही. "चार इसा न सोला." चार विसा आणि सोळा, म्हणजे शहाण्णव. "दत्ताच्या पुनवेला भरल्या."

आता काळुराम खरोखर चिडला. "भरल्या हे तुला म्हाईत व्हतं? न आम्ही दोघं तीन दिवस कुत्र्यामांजरासारखे भांडतोय, तू इथं बसून ऐकतेस? एक शब्द बोलली असतीस तर?"

ठमाबाईंनी वालाचं टरफल उगाच दोन बोटांनी चुरलं. शीलाताईंनी टाइम ऑफिसात हजारो माणसं पाहिली होती, उशिरा आलेली, लवकर पळालेली, दुसऱ्याचं कार्ड पंच करणारी. चोरी पकडली गेल्यावर माणूस कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं. पण ही चोरी कसली, ते त्यांना कळेना. त्यांनी म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हप्ता सरला," ठमाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "त यो पोऱ्या कनाला येल? पुनवेला मी सकालपासून वाट बगतं. आखा घर आपापल्या कामान. यो येतं, बसतं, आमच्या गावचा क, तुमच्या गावचा क, बोलतं. माजी शेवंती नवव्या वर्साला तापान गेली. ती असती त तिचा दादला आसाच आला असता ना पुनवेला. मी बोललू, दोन पुनवा आजून गावल्या त गावल्या."

कागदावरची ती ओळ, एका पुनवेला एकच हप्ता, आगाऊ घेणार नाही, ती ओळ आत्ता कुठे सगळ्यांना वाचता आली. म्हातारीला आठ वर्षांचे पैसे एकदम नको होते. तिला शहाण्णव वेळा माणूस हवा होता.

काळुरामचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला शेवंती नीट आठवतही नव्हती. आईच्या तोंडून ते नाव त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तो पायरीवर बसला.

साईनाथ खाटेपाशी गेला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करणारा माणूस, त्याला गोड बोलता येत नाही. "आई," तो म्हणाला, "हप्ता सरला. बिरडं सरलं का?"

"बिरडा कसा सरंल," ठमाबाई म्हणाल्या. "ह्यो क, सोलतं ना."

"मग पुनवेला येतो. आता पैसे मोजायचा वेळ वाचला, जास्त बसेन."

संचिता तोवर म्हातारीच्या पायाशी बसून वाल सोलायलाही लागली होती. ती देशावरची, तिला ते सोलणं आठ वर्षांत नीट जमलेलं नव्हतं. ठमाबाईंनी तिच्या हातावर चापट मारली आणि पुन्हा शिकवलं.

काळुरामने त्याच दिवशी, त्याच पडवीत, रजिस्टरातली दोन पानं दुरुस्त केली. सन वीसच्या ऑक्टोबरात एक खूण वाढवली, सन तेवीसच्या ऑगस्टात एक, आणि दोन्हीपुढे लिहिलं, 'पुनवा दोन.' खाली शीलाताईंची सही घेतली. भाऊबंद यादीच्या आदल्या दिवशी कुरकुरत आले. काळुरामने त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवलं, वर तीन ताटं ठेवली, आणि म्हणाला, "वाचा. तांब्यावर आहे, खोडता यायचं नाय." यादी पंधरा तारखेला बंद झाली तेव्हा अकराव्या खोलीपुढे साईनाथ आणि संचिताचं नाव होतं. नव्या इमारतीत लिफ्ट कोणत्या कंपनीची बसवावी यावर साईनाथ लगेच मतं द्यायला लागला आणि चार दिवसांत सगळ्यांना नकोसा झाला.

शीलाताईंचं काम संपलं होतं. पुढच्या रविवारी बाकड्यावर दुसरी जोडी होती, मोहने गावचा एक मालक आणि त्याच्या भिंतीला न विचारता खिडकी पाडणारी भाडेकरीण. पण यंदा पुन्हा अधिक आला, ज्येष्ठाचा. मे महिना संपता संपता काळुरामचा फोन आला. "ताई, रविवारी पुनव आहे. आईने बोलावलंय. नाय म्हणू नका, ती मग जेवत नाय."

ताई गेल्या. पडवीत ठमाबाईंच्या खाटेशेजारी साईनाथ नवा शर्ट घालून जावयासारखा अवघडून बसला होता. समोर चौथं ताट होतं, तेहेतीस अनारसे आणि दिवा. अनारसे यंदा संचिताने स्वतः तळले होते आणि त्यातले निम्मे हसलेले होते. सगळी माणसंही हसत होती, तेव्हा कुणी तिला बोल लावला नाही. ठमाबाईंनी एक हसलेला तुकडा शीलाताईंच्या हातावर ठेवला आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "बाय, यवरा वाच. दुकानवाल्यान बरोबर लिवलाय क नाय?"

ताईंनी वाचलं. 'जावई साईनाथ यांस आई ठमाबाईंकडून.'

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या.

निघताना काळुराम त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत आला. काखेत तेच लाल रजिस्टर होतं. "ताई, रागावू नका, तुमचा धंदा मी थोडा शिकलो," तो म्हणाला आणि शेवटचं पान उघडलं. नवीन वर्षाचं पान, बारा चौकोन. वर त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'साईनाथ आला.' जानेवारीत हिरवी खूण, फेब्रुवारीत, मार्चमध्ये, एप्रिलमध्ये. मे महिन्यात पुनव एक तारखेलाही होती आणि आज एकतीसलाही. त्या चौकोनाच्या मधोमध काळुरामने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एक एक खूण केली होती.